चाळणीखालचा दिवा

"वाळू कुठंय?" मी विचारलं.

कौस्तुभ दारात बसून बुटाची नाडी बांधत होता. वर न बघता म्हणाला, "कुठली वाळू?"

"बादलीतली. आग लागली तर टाकायला ठेवलीय ती. निम्मी बादली रिकामी आहे."

"तुझ्या लेकीला विचार. काल गॅलरीत तिची बेकरी चालू होती."

रेवा तेव्हा अडीच वर्षांची होती. टेबलाखाली बसून पोळीचा रोल कुरतडत होती. "मी केक केले," ती म्हणाली. "अप्पांनी सगळे खाल्ले."

"अप्पांनी वाळू खाल्ली?"

आतल्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, "मीठ जरा कमी पडलं होतं. बाकी झकास."

कौस्तुभ हसला. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "कौस्तुभ, तू कपाटात दोन भरलेल्या बॅटऱ्या ठेवून ऑफिसला चाललायस, आणि घरात वाळू नाही."

"जुई, दुपारी अप्पा निम्म्यावर उतरवतील त्या. दरवेळी उतरवतात ना? तू संध्याकाळी वाळू आणायला सांग वॉचमनला. खाली तिसऱ्या विंगचं प्लास्टर चालूय, ढीग पडलाय."

नवरा रिमोटच्या गाड्या पळवायचा. खेळण्यातल्या गाड्या म्हटलं की दुखावला जायचा. गंगापूर धरणाच्या वाटेवर एकाने द्राक्षाची बाग काढून टाकल्यावर मोकळ्या वावरात मातीचा ट्रॅक केला होता, उंचवटे, वळणं, सगळं. दर रविवारी पंधरा-वीस बाप्ये तिथे छत्र्या लावून, खुर्च्या टाकून, फूटभर लांबीच्या गाड्या पळवायचे. आदल्या दिवशी मात्र शर्यत झालीच नव्हती. धूळ बसावी म्हणून टँकर बोलावला, टँकरवाला पाइप सोडून फोनवर बोलत राहिला आणि ट्रॅकचं भाताचं खाचर झालं. सगळे मिसळ खाऊन परत आले. गाड्या कोरड्या, बॅटऱ्या भरलेल्या.

आणि भीती त्या भरलेल्या बॅटऱ्यांची होती.

या बॅटऱ्यांना ही मंडळी लिपो म्हणतात. साबणाच्या वडीपेक्षा थोड्या मोठ्या, कडक प्लॅस्टिकच्या कवचातल्या. रेवाच्या वेळी मी नुकती दवाखान्यातून घरी आले होते, तेव्हा अप्पांनीच मला एकदा लिपो हातात देऊन समजावलं होतं. "हे बघ जुई, लिपो म्हणजे बाळंतीण. ठासून भरून ठेवायची नाही, फुगते. उपाशी तर अजिबात ठेवायची नाही. एकदा तळाला गेली की आतून खराब होते, आणि मग तिला पुन्हा भरायला गेलं की पेट घेते. निम्म्यावर आणायची आणि निवांत पडू द्यायची."

"आणि तुमच्या विमानांच्या बॅटऱ्या?" मी विचारलं होतं. अप्पा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे तरुणपणी ते सुट्टीच्या दिवशी रेडिओवरची छोटी विमानं उडवायचे.

"त्या निकेलच्या. त्यांचं बरोब्बर उलटं. निम्म्यावर सोडल्या की आळशी होतात. पार विझेपर्यंत रिकाम्या करायच्या, मगच भरायच्या. ती पैलवानाची जात. ही नाजूक."

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलेलं, त्यामुळे मला निम्मं समजायचं, आणि ते निम्मं कळणंच वाईट. कवचात काय भरलंय ते मला माहीत होतं. रात्री फोनवर मी जळणाऱ्या बॅटऱ्यांचे व्हिडिओ बघायचे आणि मग उठून कपाटाला हात लावून यायचे, गरम लागतंय का म्हणून. कौस्तुभ म्हणायचा, "तू गॅस सिलिंडरशेजारी पोळ्या लाटतेस, त्याला नाही घाबरत." मी म्हणायचे, "सिलिंडर रेवाच्या उशापाशी नसतो." शेवटी तो कबूल झाला होता. काही म्हणजे काहीही झालं, नुसती वायर जरी जळली, तर सगळा पसारा घोलपच्या गॅरेजमध्ये हलवायचा. घोलप त्याचा शर्यतीतला दोस्त.

म्हणजे मी काहीतरी होण्याची वाट बघत होते असं नाही. पण कान टवकारलेले असायचे.

कौस्तुभ निघाला तसे अप्पा बाहेर आले. इस्त्रीचा फिका निळा शर्ट, केस नीट विंचरलेले. "बस गेली का?" त्यांनी विचारलं.

"कधीच गेली," कौस्तुभ म्हणाला. "आता चालत जा ओझरपर्यंत."

तिघंही हसलो. अप्पांचा स्वभावच तसा. ते कधी काय बोलतील नेम नसायचा. परवा त्यांनी दूधवाल्याला गेटपास विचारला होता.

"अप्पा, दोन्ही पॅक निम्म्यावर आणून ठेवाल ना?" कौस्तुभने लिफ्टमधून ओरडून विचारलं.

"मला शिकवतोस होय रे, बेट्या?"

दुपारी बॅटरी उतरवणं हा अप्पांचा आणि रेवाचा कार्यक्रम होता. चार्जरलाही ते काम जमतं, पण चार्जर फार रेंगाळतो. अप्पांनी लाकडी पट्टीवर मोटारीच्या हेडलाइटचे दोन बल्ब बसवले होते. बॅटरीला ते जोडले की बल्ब पेटतात आणि बॅटरी हळूहळू रिती होते. बल्ब तापतात, पोरीचा हात लागू नये म्हणून त्यांनी माझी पिठाची जुनी चाळण त्यावर पालथी घातली. पडदे ओढले, आणि बघतात तर छतभर, भिंतीभर ठिपकेच ठिपके. चांदण्या.

त्या दिवसापासून रेवा चांदण्यांशिवाय झोपेना. बॅटरी नसली तरी "अप्पा, चांदण्या" चालूच. जेवण झालं की ती अप्पांच्या पलंगावर चढायची, अप्पा चाळण पालथी घालायचे, आणि दोघं वर बघत पडायचे. बॅटरीच्या बारीक वायरीला एक चिमुकलं यंत्र लावलेलं असे. बॅटरी निम्म्यावर आली की ते असं किंचाळायचं की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागे. आम्ही त्याला पिपाणी म्हणायचो. पिपाणी वाजली की अप्पा वायर काढायचे, चांदण्या जायच्या, रेवा म्हणायची, "दिवा झोपला." आणि तीही झोपायची. मी स्वयंपाकघरात भांडी आवरताना पिपाणीची वाट बघायचे. ती वाजली की माझा श्वास मोकळा व्हायचा.

त्या दिवशी भांडी आवरून झाली. ओटा पुसून झाला. कपड्यांच्या घड्याही झाल्या. पिपाणी वाजली नाही.

मी हळूच दार लोटलं. खोलीत अंधार होता. छतावरच्या चांदण्या तांबूस झाल्या होत्या, नीट बघितलं तरच दिसाव्यात अशा. रेवा पाय पसरून झोपली होती. अप्पा शेजारी खुर्चीत बसले होते.

"अप्पा, पिपाणी?"

"श्शू!" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मग शर्टाच्या खिशातून पिपाणी काढून दाखवली. "बोंबलत बसते मेली. मागच्या वेळी पोरगी किती दचकली."

"पण मग निम्म्यावर आली ते कळणार कसं?"

"बल्बावरून कळतं की. अगं, विमानं उडवलीत मी. तुझ्या लिपोपेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत या बोटांनी."

ते इतके हळू आणि इतक्या मायेने बोलले की मी दार पुन्हा लोटलं. पण स्वयंपाकघरात येऊन लगेच कौस्तुभला फोन लावला.

"पिपाणी लावलेली नाहीये अप्पांनी."

"बरं मग?"

"बल्ब अगदी मंद झालेत. तांबडे. कौस्तुभ, ती तळाला चाललीय का?"

"जुई, मी मीटिंगमध्ये आहे. अप्पांनी मला बॅटरी म्हणजे काय ते शिकवलं, मी सातवीत होतो. तू त्यांना लिपो शिकवणार का? चहा टाक, मस्त पी."

मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनींना सांगा, फायर ब्रिगेडचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा," आणि दोघं-तिघं हसले. मी फोन ठेवला. तो नंबर खरंच फ्रिजवर चिकटवलेला होता.

घड्या कपाटांत लावून आले, मग चहाचं आधण ठेवलं. दूध बाहेर काढलं. आलं किसत होते तेव्हा वास आला.

जळका नाही. गोडसर. पिकलेली केळी आणि नेलपॉलिश पुसायचं पाणी एकत्र केल्यासारखा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुपारच्या प्रॅक्टिकलला यायचा तसा. क्षणभर मला वाटलं, छान वास आहे. मग लक्षात आलं, आमच्या घरात असा वास येण्यासारखी एकच वस्तू होती.

मी धावले. अप्पांच्या खोलीचं दार बंद होतं. ढकललं तर उघडेना. लाकूड फुगलेलं, ते नेहमीच अडकायचं, पण त्या क्षणी मला वाटलं आतून कडी आहे. मी खांद्याने धडक मारली.

चाळण बाजूला काढून ठेवली होती. बल्ब विझलेले. खोलीत अंधार, आणि त्या अंधारात चार्जरचा छोटा निळा पडदा उजळलेला, त्याचा पंखा घरघरत होता. चार्जरला बॅटरी लावली होती. लावली होती म्हणजे भरायला लावली होती. रिकामी झालेली लिपो. लाल लोखंडी पेटीत ठेवून भरायची, तर पेटी फडताळावर उघडी, आणि बॅटरी टेबलावर, रेवाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. तिचं कवच मधोमध उललं होतं. फटीतून ती पोट फुगवून बाहेर येत होती, आणि सूं सूं असा बारीक आवाज करत होती. रेवाची झोप मोडली नव्हती.

खुर्ची रिकामी होती.

चार्जर चालू असताना खोली सोडायची नाही, हा या घरातला पहिला नियम. तो अप्पांचाच. "चार्जर चालू असताना लघवीलासुद्धा जायचं नाही," असं ते म्हणायचे.

"अप्पा!" मी ओरडले.

वायर ओढावी की रेवाला उचलावं? वायर जवळ होती, रेवा टेबलाच्या पलीकडे, भिंतीकडे. विचार केला असं म्हणवत नाही. मी बॅटरीच्या अंगावरूनच वाकले, रेवाचा फ्रॉक मुठीत धरला आणि तिला पोत्यासारखी ओढली. तिचं डोकं पलंगाच्या कडेला आपटलं. ती किंचाळली. त्याच वेळी सूं सूं थांबलं, आणि मला कळलं की ते थांबणं जास्त वाईट आहे. मी दाराबाहेर पडत होते तेव्हा मागे फस्स करून आवाज झाला आणि पांढऱ्या धुराचा लोट माझ्या पाठीवर आला.

मी फ्लॅटचं दार उघडून जिन्यात आले. लिफ्टसमोर अप्पा उभे होते. पायात बूट, खांद्याला त्यांची जुनी डब्याची पिशवी.

"बस आली नाही अजून," ते म्हणाले.

मी ऐकलं आणि ऐकलं नाही. "अप्पा, आग! बॅटरी! तुमच्या खोलीत!"

त्यांनी माझ्या मागे पाहिलं. दारातून धूर छताला लागून बाहेर येत होता. त्यांचा चेहरा बदलला. काय करायचं हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, अशा माणसाचा झाला. पिशवी खाली टाकली, रुमाल काढून तोंडावर धरला, आणि आत गेले. जाता जाता दारामागचा मेन स्विच खाली ओढला. मी समोरच्या खैरनार काकूंची बेल दाबत राहिले, कुणी येईना, मग दारच बडवलं. काकू आल्या, मी रेवा त्यांच्या हातात कोंबली आणि आत पळाले.

टेबलावरून ज्वाळा निघत होती. भडक, शिट्टी मारत, एखाद्या अनारासारखी. अप्पांनी पलंगावरची सोलापुरी चादर गुंडाळून हातावर घेतली, बल्बची लाकडी पट्टी फावड्यासारखी बॅटरीखाली सरकवली, आणि ते सगळं तसंच पेटतं घेऊन गॅलरीत चालत गेले. धावले नाहीत. चालले. बादलीत टाकलं. बादलीत वाळू निम्मीच होती. ज्वाळा वर आली, त्यांच्या हाताला चाटून गेली, त्यांनी दुसऱ्या हाताने कुंड्यांतली माती ओरबाडून वर टाकली, एक कुंडी, दुसरी, तुळससुद्धा उपटली. मीही टाकत होते. नखं मातीने भरली. हळूहळू धूर काळा झाला, मग करडा, मग नुसता वास राहिला.

मी अप्पांना गॅलरीतल्या नळापाशी बसवलं आणि त्यांचा उजवा हात धारेखाली धरला. तीन बोटांची कातडी पांढरी पडली होती. मीही तिथेच ओल्या फरशीवर बसले.

"अप्पा, चार्जर का लावलात?" मी विचारलं. रागाने नाही. मला खरंच कळत नव्हतं. "नुसती निम्म्यावर आणायची होती ना?"

"रिकामी झाली की भरायला नको?" ते शांतपणे म्हणाले. "उद्या सकाळी उडवायचंय. साहेब येणारेत मैदानावर."

काकू रेवाला कडेवर घेऊन दारात आल्या होत्या. रेवा हुंदके देत होती, तिच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शालू," ते म्हणाले, "पोराला घेऊन आत जा बघू. धूर लागेल त्याला."

शालिनी माझ्या सासूबाईंचं नाव. त्यांना मी फक्त फोटोत पाहिलंय.

पाणी वाहत होतं. मी त्यांचा हात धरून होते. आणि मला पहाटे गजर होण्याआधी जाग यावी तशी एकेक गोष्ट आठवत गेली. दूधवाल्याचा गेटपास. बस गेली का. इस्त्रीचा निळा शर्ट. महिनाभर आम्ही ज्याला हसत होतो ते सगळं. या माणसाला लिपो कळत नव्हती असं नव्हतंच. त्यांनीच मला ती शिकवली होती. त्या दुपारी ती त्यांच्याजवळून गळून गेली होती, आणि खाली जे जुनं होतं, घट्ट होतं, ते वर आलं होतं. पार विझेपर्यंत रिकामी करायची. मगच भरायची. त्यांनी सगळं बिनचूक केलं होतं, फक्त पस्तीस वर्षांपूर्वीचं.

मी इतके महिने कपाटाला हात लावून बघत होते. भीती कपाटात नव्हतीच. ती रोज दुपारी माझ्या लेकीशेजारी बसून तिला चांदण्या दाखवत होती.

"हो," मी म्हटलं. "जाते आत."

थोड्या वेळाने त्यांनी हात काढून घेतला. "जुई, चरचरतंय गं." त्यांनी बादलीकडे पाहिलं, उपटलेल्या तुळशीकडे पाहिलं. मग आत, काळ्या झालेल्या भिंतीकडे. त्यांचे ओठ हलायला लागले. "मी... मी लिपोला तळाला नेली?"

मी त्यांचा हात पुन्हा धारेखाली ओढला.

"चार्जर अडवतो तशा पॅकला. शिट्टी मारतो. घेत नाही."

"निकेलच्या सेटिंगवर लावला होता, अप्पा." तो निळा पडदा मी रेवाला ओढताना पाहिला होता. डोळ्यांनी टिपला, डोक्यात नंतर शिरला.

मी या माणसाला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. दोन स्टेंट घातले तेव्हासुद्धा नाही. त्या दिवशी पाहिलं. "पोरगी तिथेच होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि मी कुठे होतो?"

मला खोटं बोलता आलं असतं. "जिन्यात होतात. बसची वाट बघत."

त्यांनी भाजलेला हात छातीशी धरला. "आता रेवाला माझ्याजवळ देणार नाहीस तू," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो. तरी ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी नळ बंद केला.

कौस्तुभ अर्ध्या तासात आला. आधी रेवाला घट्ट धरलं, मग अप्पांच्या हातावरची पट्टी पाहिली, मग खोलीत जाऊन उभा राहिला. पलंगाच्या उशाकडची गादी वितळून खड्डा पडला होता. मग बाहेर आला.

"सगळं आजच्या आज घोलपकडे. गाड्या, चार्जर, सगळं. नको मला. तू म्हणत होतीस तेच खरं होतं, जुई. मी हसत बसलो."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी दोन वर्षं थांबले होते. "बॅटऱ्या घोलपकडे दे," मी म्हटलं. "अप्पांना कुठे देशील?"

"म्हणजे?"

मी सांगितलं. बस, साहेब, शालू. तो मान हलवत राहिला. "गंमत करतात ते. तुला माहितीय ना अप्पा? धक्का बसला असेल. हात भाजल्यावर माणूस काहीही बोलतो."

"हात भाजायच्या आधी ते बूट घालून जिन्यात उभे होते, कौस्तुभ."

"पिपाणी मुद्दाम काढली म्हणाले ना? रेवा दचकते म्हणून? मग विसरले कुठे?"

तेवढ्यात अप्पा आतून आले. अंगात तोच निळा शर्ट, आता काजळी लागलेला. त्यांनी कौस्तुभकडे नीट निरखून पाहिलं, जसं ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येत नाही तेव्हा पाहतात, आणि अदबीने म्हणाले, "साहेब, पॅक माझ्या हातून गेला. दंड भरीन मी."

कौस्तुभ खाली बसला. तिथेच, बुटांच्या रॅकला टेकून.

त्यानंतर डॉक्टर झाले, डोक्याचे फोटो झाले, गोळ्या सुरू झाल्या. आजाराचं नाव कळलं, त्याने काही सोपं झालं नाही. आठवडाभर मी रेवाला त्यांच्या खोलीत जाऊ दिलं नाही. ती दुपारी दारापाशी उभी राहून रडायची, "अप्पा, चांदण्या." आत अप्पा पलंगावर पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसायचे आणि उत्तर द्यायचे नाहीत. मला ऐकू येतंय हे त्यांना माहीत होतं. ते माझ्या परवानगीची वाट बघत होते, आणि मागत नव्हते.

आठव्या की नवव्या दिवशी मीच घोलपांना फोन केला. "तुमच्याकडे जुने निकेलचे पॅक आहेत का हो?"

"निकेलचे? वहिनी, ते आता कोण वापरतं? माळ्यावर असतील सात-आठ. कशाला?"

"पार विझेपर्यंत रिकामे केले तर चालतात ना ते?"

"चालतात म्हणजे? तसेच करायचे असतात."

घोलपांनी तीन पॅक आणून दिले, निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, जाडजूड. कौस्तुभने लाकडाच्या नव्या पट्टीवर नवे बल्ब बसवले. ठरलं असं की भरायचं काम आम्ही करायचं, दुसऱ्या खोलीत. अप्पांच्या हातात फक्त रिकामं करणं. चार्जर त्या खोलीत पुन्हा गेला नाही.

पहिल्या दुपारी वॉचमनने बादली काठोकाठ भरून आणून दिली होती. मी ती अप्पांच्या दारात ठेवली आणि उंबऱ्यावर बसले. अप्पांनी डाव्या हाताने चाळण पालथी घातली. पडदे मी ओढले. चांदण्या उमटल्या. छताचा एक कोपरा अजून काळाच होता, तिथल्या नीट दिसत नव्हत्या. रेवा त्यांच्या कुशीत शिरली. माझा हात आपोआप उठला, तिला मागे ओढायला. मी तो मांडीवर दाबून धरला.

"पिपाणी लावली नाही?" अप्पांनी एकदम विचारलं. ताठ झाले. त्या दिवशी ते पूर्णपणे इथेच होते, आमच्याजवळ. "जुई, पिपाणी आण आधी. तळाला जाईल."

"याला लागत नाही, अप्पा. हात लावून बघा."

त्यांनी पॅक चाचपला. वेगवेगळे गोल सेल बोटांना लागले असणार. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. "निकेल," ते म्हणाले. "अरे वा. कुठे मिळाला?"

"ओझरहून आणलाय."

"मग जाऊ दे याला पार तळापर्यंत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू काय बादली घेऊन बसलीयस दारात? घाबरट कुठली."

"हो," मी म्हटलं. "आहेच."

रेवा आता बारा वर्षांची आहे, बापाबरोबर ट्रॅकवर जाते. ती पिपाणी विसरत नाही, चार्जर चालू असताना खोली सोडत नाही. कुणी शिकवलं असं विचारलं तर म्हणते, आई फार घाबरट होती. अप्पांच्या त्या दुपारी आणखी तीन वर्षं चालल्या. मी एकही दुपार उंबरा सोडला नाही.

पण मी सांगत होते ती पहिली दुपार. बल्ब तांबडे झाले. छतावरच्या चांदण्या एकेक करून गेल्या, आणि शेवटी चाळणीखाली केशराच्या काडीएवढी तार तेवढी उरली. तीही गेली. पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात मला रेवाची छाती वर-खाली होताना दिसत होती. मी ती मोजत होते.

"दिवा झोपला," ती झोपेतच पुटपुटली.

बऱ्याच वेळाने अंधारातून अप्पांचा हलका आवाज आला. "शालू, झोपला गं कौस्तुभ. तूही पड जरा आता."

"हो," मी म्हटलं, आणि बादलीच्या कडीवरचा हात काढला नाही.